वरवंट्याचं बाळ

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला आधी गोठ्यात नेलं. मला वाटलं, वर जायचा जिना तिकडून असेल. जिना नव्हता, म्हैस होती.

"हात पुढं करा बाई. तळवा खाली. आता हलू नका."

मी नुकतीच कडावच्या शाळेत रुजू झाले होते, अंगावर इस्त्रीची साडी होती, आणि एक अनोळखी म्हैस माझा हात मनगटापासून कोपरापर्यंत हुंगत होती. हुंगून झाल्यावर तिनं मान वळवली आणि रवंथ पुढे सुरू केलं. काकांनी लगेच कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

"तिची हरकत नाय," ते म्हणाले.

पाणी किती वाजता येतं, दिवे कधी जातात, हे सगळं त्यानंतर. माझ्या आधी एक विमा एजंट खोली बघून गेला होता. त्याचा हात हुंगताना म्हशीनं जोरात फुरफुर केलं, म्हणून काकांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. "मानूस बरा व्हता," ते सांगायचे, "पन तिला नाय पटला. मी काय करू?" हे ते चेष्टेत म्हणत नसत. त्या घरात मी चार वर्षं राहिले, आणि काकांनी जनावरांच्या बाबतीत चेष्टा केलेली मला एकदाही आठवत नाही. माणसांची मात्र मनसोक्त करत.

काका जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाले होते. गाव त्यांना डॉक्टर म्हणायचं आणि ते प्रत्येकाला थांबवून दुरुस्त करायचे. "डॉक्टर नाय. व्रणोपचारक." हा शब्द फक्त सरकारी कागदावर भेटतो. जनावराची जखम धुऊन पट्टी बांधणाऱ्या माणसाचं ते पद. गावात तो कुणाला धड उच्चारता येत नसे. मलाही पहिला आठवडाभर आला नाही, आणि मी तर मराठी शिकवते. एका वर्षी गणपतीच्या मंडळानं फलकावर त्यांच्या नावामागे 'डॉ.' छापलं. काका घरून भाताची खळ आणि कागदाचा कपटा घेऊन गेले, शिडीवर चढले आणि तेवढं अक्षर झाकून आले. मंडळाची मुलं हिरमुसली, कारण त्यांना खरंच मान द्यायचा होता. काकांचं म्हणणं असं, की ज्याला सुई टोचायचा अधिकार नाही त्यानं डॉक्टर म्हणवून घेतलं, तर एक दिवस कुणाची तरी गाय मरते.

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे जनावराला सांगून ठेवणं. घरात काहीही नवं आलं, की ते आधी जनावरांना दाखवायचं. नवी स्कूटर आली तेव्हा ती ढकलत गोठ्यात नेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा काळा चष्मा लावून घरात यायच्या आधी ते म्हशीसमोर जाऊन उभे राहिले आणि दहा मिनिटं बोलत होते. सुनेला तर लग्नाच्या दिवशी, माप ओलांडायच्या आधी, शालूसकट गोठ्यात नेलं होतं. ही हकीकत काकी रंगवून सांगायच्या. मी म्हटलं, "काकी, तुम्ही अडवलं नाहीत?" तर त्या म्हणाल्या, "कशी अडवू? मलाबी नेलतं. तवा तर दोन बैल व्हते. एकानं माझा गजरा खाल्ला."

"अगं, न सांगता केलं की दुखतं त्यांना," काका म्हणायचे. "आपन एकमेकांना कागद दावतो, फोन करतो. त्यांना कोन सांगनार? आनि एक. त्यांच्याशी कदी खोटं बोलायचं नाय. मानसाला खोटं सांगितलं तर ते भांडतं तरी. जनावर इस्वास ठेवून बसतं."

माझा टायगर त्याच घरात आला. आला म्हणजे, कुणीतरी सोडून दिला आणि तो आमच्या जिन्याखाली येऊन बसला. कर्जतच्या आजूबाजूला शहरातल्या लोकांची फार्महाऊसं झाली आहेत. सुट्टीत कुत्रं आणायचं, मुलांनी खेळायचं, आणि मुलं मोठी झाली की गेटाबाहेर करायचं, हे तिकडे आता कुणाला नवल वाटत नाही. टायगरच्या गळ्यात चांगला चामडी पट्टा होता आणि पट्ट्याखाली माशा बसलेली जखम होती. काकांनी ती सतरा दिवस धुतली. लस टोचायला खऱ्या डॉक्टरांना बोलावलं आणि कार्डावर तारीख लिहून घेतली. पुढे दर वर्षी ती तारीख त्यांना माझ्या वाढदिवसापेक्षा जास्त लक्षात राहिली.

माझा नवरा खोपोलीकडच्या कारखान्यात पाळ्यांवर. आठवड्यातले निम्मे दिवस तो घरी यायचा ते मी शाळेत असताना, आणि मी यायचे ते तो कामावर गेल्यावर. टायगर मला शाळेपर्यंत सोडायला यायचा, फाटकाशी थांबायचा आणि सुटायच्या वेळेला परत हजर असायचा. त्या वर्षांत मी सगळ्यात जास्त कुणाशी बोलले असेन तर त्या कुत्र्याशी. लोकांना हे सांगायला तेव्हा लाज वाटायची, आता वाटत नाही.

मला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात सासूबाई लोधिवलीहून आल्या. मला आई नाही, म्हणून बाळंतपण त्याच करणार होत्या. चांगली बाई. बोलायला फटकळ, पण रात्री माझे पाय चेपून देईल अशी. जिना चढून आल्या, पिशवी खाली ठेवली, टायगरकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पोर घरात यायच्या आदी हे जाया पायजे."

त्यांच्या भावाच्या मुलाला लहानपणी कुत्रं चावलं होतं, तोंडावर. तो आता बाप्या झाला आहे, पण ओठ अजून तिरका आहे. त्या चेहऱ्यापुढे मी काय युक्तिवाद करणार होते? नवऱ्यानं नेहमीप्रमाणे दोघींच्या मधोमध उभं राहून पंख्याकडे बघितलं. सासूबाईंनी परस्पर ठरवूनही टाकलं, की चौक गावाच्या पुढे ओळखीच्या कुणाची पोल्ट्री आहे, तिथे राखणीला त्याला बांधायचं.

मी रडत खाली गेले. काका वैरण टाकत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि विळा बाजूला ठेवला.

"एकदा सोडलेलं कुत्रं दुसऱ्यांदा सोडायचं नाय," ते म्हणाले. "मग ते मानसाकडं बघतच नाय गं. खातं, भुंकतं, पन बघत नाय."

तसेच वर आले. धोतर झटकलं आणि सासूबाईंसमोर जमिनीवर बसले.

"वैनी, मला दोन म्हयने द्या. मी त्याला पोराचं सांगून ठेवतो. त्यानं घरात कुनाला नख जरी लावलं, तर मी सोता त्याला घेऊन जाईन. तुमाला सांगायला लागनार नाय."

सासूबाईंनी त्यांच्याकडे, वेडा माणूस आहे की काय अशा नजरेनं बघितलं. पण समोरचा माणूस वयानं मोठा, घराचा मालक, आणि जमिनीवर बसलेला. त्या 'बरं' म्हणाल्या आणि मोठ्या मुक्कामाची तयारी करायला परत लोधिवलीला गेल्या.

दुसऱ्या दिवशी काका एक वरवंटा घेऊन आले.

वरवंटा म्हणजे पाट्यावर चटणी वाटायचा दगड, हे आजकालच्या मिक्सरवाल्यांना सांगावं लागतं. काकांनी तो आधीच दवाखान्याच्या जुन्या वजनकाट्यावर घातला होता. तीन किलोला थोडा कमी. "पोराचं वजन एवढंच आसतं." त्याला त्यांनी जुन्या धोतराच्या मऊ दुपट्यात गुंडाळलं, वर टोपडं घातलं आणि माझ्या हातात दिलं. बारशाच्या दिवशी आमच्याकडे बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात, सजवून, अंगडं-टोपडं घालून. बायका तो पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींकडे देतात आणि मग बाळाला आत ठेवतात. हे का करतात, ते मी अनेकींना विचारलं आहे, धड कुणी सांगत नाही. काकांकडे मात्र उत्तर तयार होतं.

"ती पद्धत जनावरांसाठीच हाय. घरातली कुत्री-मांजरं बगतील, सवय व्हईल, मग खरं पोर आत जाईल. आपल्या आज्यांना सगळं ठावं व्हतं. आताच्या बाया इसरल्या आनि बारशाच्या दिवशी एकदाच करतात. मी दोन म्हयने आदी करतोय."

हे खरं की खोटं, मला माहीत नाही. काकांनी इतक्या खात्रीनं सांगितलं की मी माझ्या फुगलेल्या पोटावर वरवंटा घेऊन घरात फिरायला लागले.

शिकवणी रोज संध्याकाळी. मी वरवंट्याला मांडीवर घ्यायचं. घेतलं की लगेच टायगरला जवळ बोलवायचं, कानामागे खाजवायचं, तूप लावलेला भाकरीचा तुकडा द्यायचा. वरवंटा खाली निजवला, की टायगरकडे कुणी ढुंकूनही बघायचं नाही. "लोक उलटं करतात," काका सांगायचे. "पोर आलं की कुत्र्याला हाकलतात, पोर निजलं की लाड करतात. मग ते म्हनतं, हे निजलेलंच बरं. त्याला वाटलं पायजे, पोर आलं की आपलं भलं व्हतंय." पुढे कितीतरी दिवसांनी मी मोबाईलवर परदेशातल्या शिकलेल्या लोकांनी हेच सांगितलेलं बघितलं. त्यांच्याकडे बाहुली होती, एवढाच फरक.

दुपट्याला बाळाच्या तेलाचा आणि पावडरीचा वास द्यायचा. खोलीत ओवा-बाळंतशेपांची धुरी करायची, कारण पुढे तो वास रोजचा असणार. काकांनी पुतण्याच्या लहान मुलाचं रडणं मोबाईलमध्ये भरून आणलं होतं. ते वाजवायचं, 'बाळ रडलं, बाळ रडलं' म्हणत सगळ्यांनी वरवंट्याकडे धावायचं. एकदा शेजारची बाई हे रडणं ऐकून हातातलं पीठ तसंच घेऊन जिना चढून आली. "बाई, कदी झालात? आमाला कळवलं पन नाय!" असं म्हणत तिनं दुपटं बाजूला केलं, आणि माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही.

मांजराला काकांनी वेगळा इलाज केला. भागी नावाची आमची मांजर पाळणा टांगल्याच्या पहिल्या तासात त्यात जाऊन झोपली होती. "तिला शिकवून उपेग नाय," काका म्हणाले, "मांजराला सांगायचं नसतं, गैरसोय करायची." त्यांनी पाळण्यात सात नारळ ठेवले, न सोललेले. महिनाभर आमच्या पाळण्यात नारळ झोके घेत होते. भागी रोज काठावर चढून बघायची, एक पाय आत टाकायची आणि शेंडी टोचली की तोंड वाकडं करून उतरायची. नारळ काढल्यावरही ती पाळण्यात कधी गेली नाही. त्या नारळांची चटणी, खोबऱ्याच्या वड्या आणि काकांचं कौतुक, सगळं आम्ही पुरवून पुरवून खाल्लं.

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी काका जिन्याखाली उभे होते, हात धुऊन, स्वच्छ सदरा घालून. टायगर वर आला, मुलीच्या पायाशी नाक नेलं, दोनदा शेपटी हलवली आणि तडक कोपऱ्यात गेला. तिथे वरवंटा होता, दुपट्यात, तसाच. टायगर त्याला टेकून बसला. आम्ही सगळे हसलो, काकाही हसले. मुलगी पहिल्यांदा टाहो फोडून रडली तेव्हा तो ताडकन उठला, वरवंट्याभोवती फिरला आणि आमच्याकडे बघून भुंकायला लागला. 'तुमचं पोर रडतंय, कुणी बघत का नाही?' असा त्याचा तो आवाज. हसून हसून माझे टाके दुखले. काका मात्र या वेळी हसले नाहीत. ते त्या कोपऱ्याकडे बघत राहिले आणि मग खाली गेले.

पाचव्या दिवशी लसूण-खोबऱ्याची चटणी करायची म्हणून सासूबाईंनी पाटा मांडला. बाळंतिणीला मिक्सरची चटणी नाही द्यायची, हा त्यांचा नियम. वरवंटा शोधताना त्यांना कोपऱ्यातला सापडला. त्यांनी दुपटं सोडून बाजूला फेकलं, वरवंटा धुतला, दोन्ही हातांत धरला आणि पाट्यावर घासायला सुरुवात केली.

टायगर दारातून आत आला. मी खाटेवरून बघत होते. तो आधी थांबला. मग त्याच्या घशातून असा आवाज निघाला, जो मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता, आणि पुढच्या क्षणी सासूबाईंचं मनगट त्याच्या तोंडात होतं. त्यानं लचका तोडला नाही. धरलं, पाट्यावरून हात बाजूला ओढला आणि सोडला. मग वरवंट्यावर पुढचे दोन्ही पाय टाकून थरथरत उभा राहिला.

आरडाओरडा ऐकून काका आले. त्यांनी आधी मनगट बघितलं. चार दात उमटले होते, एका ठिकाणी कातडी फुटली होती. त्यांनी ते नळाखाली धरलं आणि साबणानं धुवत राहिले, पंधरा मिनिटं, घड्याळ बघून. सासूबाई ओरडत होत्या, काका धुवत होते. मी म्हटलं, "काका, पट्टी तरी बांधा." आयुष्यभर ज्यांनी पट्ट्याच बांधल्या त्यांनी मान हलवली.

"मी जनावरांचा. मानसाच्या जखमेला मला अधिकार नाय. सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्या वैनी. त्याला लस टोचलेली हाय, तरीपन घ्या. सगळी घ्या."

मग ते खाली गेले आणि गोठ्यातलं दावं घेऊन आले. जनावर बांधायचं ते जाड दावं त्यांनी टायगरच्या गळ्यात अडकवलं. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. शब्द दिला होता त्यांनी. मी खाटेवरून हात जोडले, "काका, नका ना." ते माझ्याकडे बघू शकले नाहीत.

सासूबाईंनी इंजेक्शनं सुरू केली आणि मुलाला पोल्ट्रीत फोन लावायला सांगितलं. टेंपो ठरला, बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा. टायगर तोवर म्हशीशेजारी बांधलेला. त्यानं खाणं सोडलं. मी बाळंतीण, मला जिना उतरायची बंदी. खिडकीतून त्याचं अर्धं शेपूट तेवढं दिसायचं. काकी सांगत होत्या, की काका दिवसभर त्याच्यासमोर बसून असतात आणि त्यांचंही जेवण ताटातच राहतं.

दहाव्या दिवशी दुपारी काका वर आले. सासूबाई मुलीला पायावर घेऊन तेल लावत होत्या. काका दारातच बसले, उंबऱ्याच्या बाहेर.

"वैनी, मी टेंपो थांबवायला नाय आलो. शब्द दिलाय तो दिलाय. पन चूक कुनाची, ती सांगायला आलो. त्याची नाय. माझी हाय."

सासूबाईंचा तेलाचा हात चालूच होता. काका बोलत राहिले. एरवी अशा आवाजात हा माणूस जनावरांशीच बोलायचा.

"तीस वरसं लोकांना सांगत आलो, जनावराशी खोटं बोलू नका. आनि मीच बोललो. दोन म्हयने त्या दगडाला पोर म्हनलो. त्यानं इस्वास ठेवला. घरचं पोर हे हाय, हे राखायचं, एवढं त्याला कळलं. आनि तुमी त्याच्या देखत दुपटं सोडलं, पोराचे पाय धरलेत आनि त्याला पाट्यावर घासलंत."

मुलगी पायावर हातपाय नाचवत होती. सासूबाईंनी एकदा पाट्याकडे बघितलं, मग मनगटावरच्या पट्टीकडे. मला वाटलं, आता त्या ओरडतील. त्यांच्या तोंडाचा चंबू झाला, गाल हलले आणि त्या हसल्या. हसता हसता एकदम थांबल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मी त्याच्या जागी आसते ना, तर लचका तोडला आसता."

काकांनी मान खाली घातली. टेंपो नको, असं मात्र सासूबाई म्हणाल्या नाहीत. तेल लावून झालं, शेक झाला, मुलगी निजली. मग त्यांनी स्वतःशीच बोलावं तसं म्हटलं, "बारशाला आना त्याला. बांधून आना."

बारशाला बायकांची गर्दी. पाळण्याला फुलांच्या माळा, खाली घुगऱ्यांचं पातेलं. काका दारात उभे, अंग चोरून, एवढ्या बायकांत एकटाच पुरुष. हातात दावं, दाव्याच्या टोकाला टायगर. सात दिवसांत त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. मला बघून त्याचं शेपूट हललं, पण तो पुढे आला नाही. मला त्या क्षणी रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बाळंतिणीला रडायला कारण लागत नाही, असं समजून बायकांनी दुर्लक्ष केलं.

वरवंटा सजला. तेच दुपटं, तेच टोपडं. बायकांनी तो पाळण्याच्या वरून दिला, खालून घेतला. टायगरचे कान उभे राहिले. मान त्या वरवंट्याबरोबर इकडून तिकडे, तिकडून इकडे. दावं ताठ झालं. काकांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी सांगितलं होतं ते एवढंच, की पाळण्यात त्या दगडाच्या जागी पोर गेलेलं त्याला दिसू द्या. पुढे काय होईल ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

वरवंटा पाळण्यात जायच्या वेळेला सासूबाईंनी हात पुढे केला. "द्या इकडं." बायकांना वाटलं, आजीचा मान आहे. सासूबाई वरवंटा घेऊन थेट दाराकडे गेल्या. ज्या मनगटावर दातांचे वण होते तेच मनगट टायगरच्या तोंडापुढे धरून त्या खाली बसल्या. काकांनी दावं दोन्ही हातांनी आवळलं.

"बग," त्या टायगरला म्हणाल्या. "नीट बग रं."

त्यांनी टोपडं काढलं. दुपटं सोडलं, हळूच, एकेक घडी. उघडा काळा दगड जमिनीवर ठेवला. "दगड हाय ह्यो. तुला फशिवलं आमी." टायगरनं दगड हुंगला, सगळ्या बाजूंनी, आणि मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं. सासूबाई उठल्या. ते दुपटं, ज्याला दोन महिन्यांचा सगळा वास होता, त्यांनी माझ्या मांडीवर पसरलं, मुलीला त्यात गुंडाळलं आणि परत दारात जाऊन टायगरसमोर बसल्या. मुलीचा उघडा तळपाय त्यांनी स्वतः त्याच्या नाकाशी नेला. हे काकांच्या डोक्यात आलं नव्हतं. ते तिला सुचलं, त्या बाईला, जिच्या भावाच्या मुलाचा ओठ अजून तिरका आहे.

टायगरनं पाय हुंगला. दुपटं हुंगलं. परत पाय. मुलगी रडायला लागली तशी त्यानं मान वर केली, आमच्या सगळ्यांकडे बघितलं आणि भुंकला. एकदाच. वरवंट्याकडे त्यानं वळूनही बघितलं नाही.

मुलगी पाळण्यात गेली, नाव ठेवलं, बायकांनी घुगऱ्या घेतल्या. टायगर तोवर दाव्यासकट पाळण्याखाली जाऊन बसला होता आणि दाव्याचं दुसरं टोक धरून काका पाळण्याशेजारी अवघडून उभे होते. सोडावं की धरावं, त्यांना कळत नव्हतं. सासूबाईंनी ओटीचं सामान आवरता आवरता त्यांच्याकडे बघितलं.

"ते दावं सोडा आनि घेऊन जा खाली," त्या म्हणाल्या. "टेंपोवाल्याला मी सकाळीच नाय सांगितलंय."

काकांनी वाकून गाठ सोडली. गाठ लवकर सुटली नाही. दावं गुंडाळत ते बाहेर गेले आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले, दावं मांडीवर घेऊन, आमच्याकडे पाठ करून. ते रडत होते. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. टायगर पाळण्याखालून उठला, बाहेर गेला, काकांचा गुडघा हुंगला, आणि त्यांनी हात पुढे करायच्या आत परत येऊन पाळण्याखाली बसला.